दोन स्कींचं सूत

हॅन्कॉक, मिशिगन
२८ नोव्हेंबर २००४

मामा,

नमस्कार करते आणि लगेच कामाचं बोलते, कारण नुसतं ख्यालीखुशालीचं पत्र तुम्ही अर्धवट वाचून ठेवून द्याल.

काल अमितदादाचा फोन होता. म्हणाला, "बाबा दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. चहा घेणार का विचारलं तरी नुसती मान हलवतात." त्याला वाटतं, तुम्ही त्याच्यावर रागावलात. मला वाटतं, तुम्हाला काम नाही. म्हणून काम पाठवतेय. ईमेलमध्ये मराठी धड उमटत नाही आणि इंग्रजी अक्षरातलं मराठी तुम्ही वाचणार नाही, म्हणून हे हातानं.

माझ्या पीएचडीचं तुम्हाला ठाऊक आहेच. जंगलात बर्फ किती साठतो आणि वसंतात त्याचं पाणी किती होतं, ते मोजायचं. दर दुसऱ्या शनिवारी अकरा मैल आत जायचं आणि सहा जागी पोकळ नळी बर्फात खुपसून वजन घ्यायचं. हा तिसरा हिवाळा, आणि शेवटचा. रस्ता बर्फाखाली गेला की स्नोमोबाईलशिवाय तिथं पोचता येत नाही. आमच्या डिपार्टमेंटची गाडी जुनी आहे. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि स्कूटरसारखं हँडल.

दुखणं असं आहे. ट्रेलवर आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. माझ्या स्की त्यात शिरतात आणि हँडल हातातून ओढून नेतात, आधी डावीकडे, मग काही न सांगता उजवीकडे. मागच्या मार्चमध्ये थोडी घसरलेही. विशेष काही नाही.

पीएचडीच्या गाईडनं नव्या स्की घ्यायला परवानगी दिलीय. मूळ कंपनीच्या नकोत, बाहेरच्या कंपन्या प्लास्टिकच्या चांगल्या बनवतात. पण कॅटलॉगमध्ये वीस प्रकार! कुणाच्या तळाला एक खोल कणा, म्हणजे खाली उतरलेली लांब कड, कुणाच्या दोन उथळ, कुणी रुंद, कुणी अरुंद. माझे घरमालक आर्वो मदतीला आहेत. वय त्र्याहत्तर, आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. पण ते दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन कुत्र्याशी.

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पुढचे अ‍ॅक्सल बघितलेला माणूस माझ्या घरात असताना मी कॅटलॉगवर का विश्वास ठेवू? सांगा, कुठल्या घेऊ?

तुमची,
नीला


शॉमबर्ग
५ डिसेंबर २००४

नीलांबरी,

आशीर्वाद. पत्र पूर्ण वाचलं, दोनदा.

मी ही गाडी पाहिलेली नाही. अमितनं कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. त्यावरून सांगतो, चुकलं तर सांग.

पहिली गोष्ट. नवा भाग लावायच्या आधी जुन्यातला ढिलेपणा काढ. लोक उलटं करतात. गाडी ओढते म्हटलं की नवे टायर घालतात, आणि महिन्यानं पुन्हा दारात. गाडीचं नाक उचलून ठेव. एक स्की दोन्ही हातांनी धर आणि हलव. हँडल न हलता स्की किती हलते ते बघ. हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचे सांधे, दांड्यांच्या भोकांतले बुश, स्कीला धरणारा बोल्ट, एकेक तपास. स्की आणि तिच्या दांड्याच्या मध्ये एक रबराचा ठोकळा दिसतोय, तो बसला असेल तर स्कीचं नाक खाली झुकणार आणि दिसेल त्या चाकोरीत शिरणार.

दुसरी गोष्ट. एकच कणा असेल तर तो चाकोरीत शिरणारच. दोन असतील तर एक आत गेला तरी दुसरा बाहेर टेकलेला राहील, असं मला वाटतं. तुला सरळ, ठरलेल्या वाटेवर जायचं आहे, शर्यत नाही. दोन कण्यांच्या घे.

तिसरी. बसवल्यावर सूत धर. हँडल सरळ ठेवून दोन्ही स्कींमधलं अंतर पुढून आणि मागून मोज. पुढून तीन मिलिमीटर कमी पाहिजे, म्हणजे तोंडं किंचित आत. बसला आम्ही असंच ठेवत होतो.

"थोडी घसरले" म्हणजे किती? तुझ्या आईच्याही पत्रात "विशेष काही नाही" असायचं. ते वाचलं की मी पुढची गाडी धरून तिच्याकडे जायचो.

माझं ठीक आहे. रोज सकाळी फिरायला जातो. फेब्रुवारीअखेर कऱ्हाडला परत जाणार, कायमचा. तिकीट झालंय. तुझी मामी नंदा गेल्यावर अमितनं हट्टानं इकडे त्याच्याकडे आणलं, पण इथं मी नुसती एक खुर्ची अडवून आहे. त्याला आणि सुलेखाला त्यांचा संसार आहे. हे खुर्चीचं त्याला कळवू नकोस.

एकनाथमामा


हॅन्कॉक
१६ डिसेंबर २००४

मामा,

तुमच्या पत्राचं मी आर्वोना जमेल तसं भाषांतर करून सांगितलं. ढिलेपणाची गोष्ट ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "गुड मॅन." ही त्यांची दिवसातली पाचवी ओळ, म्हणजे विक्रमच.

तुमचं बरोबर होतं! डावी स्की हातात धरून हलवली तर खडखड वाजली. टाय रॉडचा बाहेरचा सांधा गेला होता, दोन बुश अंडाकृती झाले होते, आणि रबराचे ठोकळे तर पिकल्या पेरूसारखे दबत होते. सगळं बदललं. दोन कण्यांच्या स्की आल्या. आमच्या गाडीच्या दांड्याला बसायला वेगळा किट लागतो, तो पहिल्यांदा चुकीच्या मापाचा आला, परत पाठवला. तळाला कार्बाइडच्या धारेच्या पट्ट्या असतात, बर्फावर त्याच पकड धरतात. त्या मी सगळ्यात लांब धारेच्या मागवल्या. पकड हवी ना!

सूत धरताना आर्वोंचं आणि माझं थोडं वाजलं. ते म्हणाले, तोंडं बाहेर हवीत. मी म्हटलं, माझ्या मामानं एकतीस वर्षं बसगाड्या सरळ चालवून दाखवल्यात. त्यांनी खांदे उडवले आणि पान्याला हात घातला. तीन मिलिमीटर आत, तुम्ही म्हणालात तसं.

परवा शनिवारी या मोसमातलं पहिलं मोजमाप. आल्यावर लगेच लिहिते.

नीला

ता.क. फिरायला जाता हे वाचून बरं वाटलं. कानटोपी घालून जा.


शॉमबर्ग
९ जानेवारी २००५

नीलांबरी,

"लगेच लिहिते" म्हणालीस, त्याला तीन आठवडे झाले. अमितनं फोन केला तर "कामात आहे" म्हणून ठेवून दिलास. मी समजायचं ते समजलो.

गेल्या रविवारी मी अमितला म्हटलं, मला ही गाडी विकतात ते दुकान दाखव. तो बघतच राहिला. दीड तास गाडी चालवून विस्कॉन्सिनमध्ये घेऊन गेला. तिथं वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून एक बाई आहेत, पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. त्यांना मी विचारलं, "टो-इन किती?" त्या हसल्या नाहीत. कागद घेतला आणि चित्र काढून दाखवलं.

तोंडं आत असली की दोन्ही स्की एकमेकींकडे पळतात आणि गाडी जागच्या जागी वळवळते. जिला आधी चाकोरी सापडेल ती सगळ्या गाडीला घेऊन जाते. तोंडं थोडी बाहेर ठेवायची, पुढून साधारण पाव इंच जास्त. आर्वो बरोबर होते. मी चूक होतो. न पाहिलेल्या गाडीवर मी बसचं माप ठोकून दिलं. वर्कशॉपात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला दारातून आत येऊ दिलं नसतं.

आता खरं सांग. तुला किती लागलं?

तू सांगावंस म्हणून आधी मी सांगतो. मी रोज फिरायला जात नाही. सप्टेंबरमध्ये एकदा गेलो होतो. इथली सगळी घरं एका रंगाची, सगळ्यांची गॅरेजची दारं सारखी. परत येताना घर सापडेना. दोन तास फिरलो. एका दाराशी किल्ली लावून बघत होतो तर आतल्या बाईंनी पोलिसांना फोन केला. तो पोलीस भला होता, गाडीतून घरी सोडलं. पण सुलेखानं दार उघडलं तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अमित ऑफिसमध्ये होता. मी सुलेखाला शपथ घातली, त्याला सांगू नकोस. त्यानंतर उंबरा ओलांडला तो त्या दुकानासाठीच.

माझ्यावर रागव, पण लिही.

मामा


हॅन्कॉक
१४ जानेवारी २००५

मामा,

रागावू कशाला? तुम्हाला कळू नये म्हणून गप्प होते, आणि तुम्हीच शोधून काढलंत.

अठरा तारखेला तिसऱ्या मैलावरच्या वळणावर उजवी स्की चाकोरीत गेली. हँडल इतकं जड झालं होतं की मला ते ओढून काढता आलं नाही. मी बाजूच्या भुसभुशीत बर्फात पडले. डावं मनगट मुरगळलं, मोडलं नाही. जवळजवळ चार आठवडे पट्टा होता, काल काढला. गाडी शाबूत आहे. आर्वो त्यांची गाडी घेऊन मागेच होते. त्यांनी मला उठवलं आणि परत आणलं. घरी आल्यावर सूप दिलं.

यात तुमची चूक निम्मीसुद्धा नाही. आर्वो सांगत होते, मी ऐकलं नाही. मला ते तुमचंच माप हवं होतं. इथं तीन वर्षं सगळं एकटीनं ठरवते, एकदा तरी माझ्या माणसानं सांगितलेलं करावं असं वाटलं.

आता मार्चचं. ती घसरण नव्हती. बरोबरचा विद्यार्थी आजारी होता म्हणून नियम मोडून एकटी गेले, आणि झाडावर आदळले. गाडी बंद पडली, फोनला रेंज नव्हती. चार तास बसून होते, बोटं कळेनाशी झाली. मी जेवणाच्या वेळेला आले नाही म्हणून आर्वो शोधत आले. तेव्हापासून ट्रेलवर गेलं की हातमोज्यांच्या आत घाम येतो. मी हँडल इतकं आवळून धरते की खांदे दुखतात. त्या वळणावर माझी नजर रस्त्यावर नसतेच, झाडांवर असते. गाडी मला ओढते की मीच तिला ओढते, हेही आता कळत नाही.

गाईड म्हणतात, दोन मोजमापं बुडाली, दोन हिवाळ्यांवरच प्रबंध लिहून टाक. कमकुवत होईल, पण होईल. एक फेब्रुवारीपर्यंत सांगायचंय. मी जवळजवळ हो म्हणणार आहे.

तुम्ही सुलेखावहिनींना शपथ घातलीत, मी आर्वोंना. आपण दोघं सारखेच.

नीला


शॉमबर्ग
१९ जानेवारी २००५

नीलांबरी,

गाईडला अजून काही सांगू नकोस. शुक्रवारी सकाळी निघतो. अमितनं रजा टाकलीय. आठ तासांचा रस्ता आहे म्हणतो.

त्याला मी सप्टेंबरचं सगळं सांगितलं. त्यानं खाली जाऊन माझे बूट पुसून ठेवले.

आर्वोंना विचार, मी आलो तर चालेल का. आणि स्कींना तोपर्यंत हात लावू नका.

मामा


शॉमबर्ग
१० फेब्रुवारी २००५

नीलांबरी,

रविवारी सुखरूप पोचलो. पंधरा दिवस तुझ्याकडे राहिलो, पण काही गोष्टी तुझ्या डोळ्यांआड झाल्या. त्या आता लिहितो, कारण तिथं सांगितल्या असत्या तर तू आरडाओरडा केला असतास.

तू डिपार्टमेंटला गेलीस की आम्ही दोघं गॅरेजमध्ये. त्याला माझं इंग्रजी कळेना, मला त्याचं. पण मी खिशातून दोरा काढला आणि त्यानं मासे धरायची तार काढली, तेव्हा कळलं की माणूस आपल्यातला आहे. पट्ट्याच्या कडेनं तार ताणली, स्कींची तोंडं रबरी दोरीनं एकमेकींना बांधून सांध्यांतला सगळा सैलपणा ओढून घेतला, आणि मग माप. तारेपासून दोन्ही बाजूंना सारखं, पुढून एकूण पाव इंच उघडं. त्यानं एकदा मोजलं, मी एकदा. नंतर जागा बदलून पुन्हा.

तुझ्या लांब पट्ट्या मी काढायला लावल्या, तेव्हा तू गाल फुगवलेस. धार जास्त म्हणजे ताबा जास्त असं नसतं. तुझं हँडल जड झालं होतं ते त्या धारेनं. आता चार इंचांची धार आहे, तुझ्या मनगटाला पुरेल अशी. रबराच्या ठोकळ्याखाली मागच्या बाजूला आर्वोनं एक पातळ चकती घातली, म्हणजे नाक जरा उचललं. मागच्या सस्पेन्शनचा पट्टा एक भोक ढिला केला, पुढचा भार कमी झाला. हे सगळं तू पाहिलंस.

जे पाहिलं नाहीस ते हे. सत्तावीस तारखेला, गुरुवारी सकाळी, तू पाठ वळवलीस आणि मी आर्वोला म्हटलं, "आय ड्राइव्ह." तो म्हणाला, "यू?" मी म्हटलं, "फर्स्ट मी. देन माय गर्ल." खुर्चीत बसून सांगितलेल्या मापावर मी तुला एकदा गाडीवर बसवलं होतं. पुन्हा तसं करणार नव्हतो.

त्यानं मला त्याचा जाड सूट घातला, हेल्मेट चढवलं, आणि तो त्याच्या गाडीवर पुढे, मी तुझ्या गाडीवर मागे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात बर्फ हातात धरला तो गेल्या वर्षी. मग तुझं ते वळण आलं. मी हँडल आवळून धरलं होतं, तर गाडी ओढत होती, उजवीकडे, अगदी थोडी. आर्वो थांबला. माझ्याकडे आला, माझी मूठ हँडलवरून सोडवली, बोटं मोकळी केली आणि म्हणाला, "लूज." मग पुन्हा गेलो. मोकळ्या हातानं. तरीही थोडं उजवीकडे जात होतीच. म्हणजे ते मनाचं नव्हतं, लोखंडाचं होतं! परत येऊन बघितलं तर हँडलची दांडीच एक केस वाकडी, झाडावर आदळली तेव्हाची असणार. ती सरळ केली, पुन्हा सूत धरलं.

शुक्रवारी तू विचारलंस, "पुन्हा सगळं का उघडलंय?" आणि आम्ही दोघं कुत्र्याकडे बघत बसलो, ते त्यामुळे.

तुला सांगतो, परतीच्या वाटेवर मी मोठ्यानं हसत होतो. हेल्मेटमध्ये माझाच आवाज घुमला तेव्हा कळलं. नंदा गेल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता.

शनिवारी तू निघालीस तेव्हा मी ट्रेलच्या तोंडाशी उभा होतो. तुला वाटलं मी स्की बघतोय. मी तुझे खांदे बघत होतो. पहिल्या चढापर्यंत ते कानांना टेकले होते, वर गेल्यावर खाली आले. त्यानंतर मी आत जाऊन चहा केला.

तिकिटाचं अमितशी बोलतोय. पुढच्या मोजमापाचं कळव. आकड्यांसकट.

मामा


हॅन्कॉक
१३ मार्च २००५

मामा,

तुम्ही अडुसष्टाव्या वर्षी मला न सांगता स्नोमोबाईल चालवलीत! हे वाचून मी खरोखरच ओरडले, कुत्रा पलंगाखाली गेला. आर्वोंना जाब विचारला तर म्हणाले, "ही वॉज गुड. टू फास्ट." म्हणजे वेगाबद्दल पत्रात एक ओळ कमी आहे, ती कधीतरी लिहा.

काल शेवटचं मोठं मोजमाप झालं. आकडे हवे होते ना, घ्या. सहा जागांची सरासरी एक्केचाळीस इंच बर्फ, त्याचं पाणी साडेअकरा इंच. तीन हिवाळ्यांतलं सगळ्यात जास्त. गाईडनी तक्ता बघितला आणि म्हणाले, डिसेंबर-जानेवारीची भोकं जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून भरता येतील, पण मार्चचा हा आकडा कुठूनही मिळाला नसता. दोन हिवाळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आणि मामा, काल पहिल्यांदा मी पुढे होते. जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत दोन्ही वेळा आर्वो पुढे आणि मी त्यांच्या लाल दिव्याकडे बघत मागे. काल निघताना ते गाडी बाजूला घेऊन थांबले आणि हातानं 'जा' म्हणाले. मला वाटलं, काही विसरले. मग कळलं.

आदल्या दिवशी ऊन पडून गेलं होतं. चाकोऱ्या वितळून पुन्हा गोठलेल्या, अगदी लोखंडासारख्या. याहून वाईट ट्रेल नसतो. त्या वळणावर डावी स्की चाकोरीत गेलीच. मला ती जाताना कळली, हँडल हललं, पण त्यानं ओढलं नाही. दुसऱ्या कण्यावर तोल राहिला. मी वळणाच्या पलीकडे बघत होते, झाडांकडे नाही, आणि स्की आपली आपण बाहेर आली. एवढंच. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. अर्ध्या मैलावर मी थांबले, हेल्मेट काढलं आणि थोडी रडले. आर्वो मागून आले, इंजिन बंद केलं आणि थर्मासमधली कॉफी दिली. आम्ही उभे राहून प्यायलो. एका फांदीवरचा बर्फ त्यांच्या टोपीवर पडला तरी ते हलले नाहीत.

त्यांचा एक निरोप आहे, जसाच्या तसा: इथल्या ट्रेल क्लबच्या चौदा गाड्या आहेत, सगळ्यांच्या स्की कुणी ना कुणी घाईत बसवलेल्या. हिमवर्षाव सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरात, त्यांचं सूत धरायचं आहे. "आस्क युवर अंकल व्हेन ही कम्स." येतील का, असं नाही. कधी येतील, असं.

तर, कधी येता?

नीला


शॉमबर्ग
२८ मार्च २००५

नीलांबरी,

तुझं पत्र अमितला आणि सुलेखाला वाचून दाखवलं. सुलेखानं वळणाचा भाग पुन्हा वाचायला लावला.

फेब्रुवारीचं तिकीट रद्द केलं होतं, आता मी कऱ्हाडला जातोय, एप्रिलच्या दहा तारखेला. घराचं छप्पर बघायचं आहे, नंदाच्या नावानं शाळेला पुस्तकं द्यायची आहेत, आणि वर्कशॉपातल्या जुन्या मंडळींना भेटायचं आहे. त्यांना मी सांगणार, अशी एक गाडी आहे जिला चाकं नाहीत आणि जिची तोंडं बाहेर ठेवायची असतात. ते मला वेड्यात काढतील. काढू देत.

अमितनं विचारलं, "एकेरी तिकीट काढू का, बाबा, तुम्ही म्हणत होता तसं?" विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, परतीचंही काढ. तो लगेच उठून कॉम्प्युटरकडे गेला. तारीख विचारायलासुद्धा थांबला नाही, मला मागून ओरडून सांगावी लागली.

आर्वोला सांग, एक नोव्हेंबरला येतो. चौदापैकी एकाही गाडीला तोवर कुणी पाना लावायचा नाही.

मामा